पूर्वेची मोकळी वाट

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे, हे मला कोणी सांगायला नको. सकाळी माझं बटण दाबलं की पडद्यावर काही उमटेपर्यंत माणसाचा चहा पिऊन होतो आणि कपही विसळून होतो. माझा मूळचा पांढरा रंग पिवळट पडला आहे, दोनतीन कळांवरची अक्षरं पुसून गेली आहेत, आणि पाठीतला पंखा असा घरघरतो की नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, छपाईचं यंत्र मीच. एका लहानशा छापखान्यातला मी कॉम्प्युटर. माझी गोष्ट ऐकायला बसला आहात खरे, पण आधीच सांगतो, ती हसतखेळत संपणारी नाही.

जन्म माझा कुठल्याशा कारखान्यात झाला. बालपण सगळं खोक्यात गेलं, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. खोकं उघडलं तेव्हा पहिल्यांदा दिसले ते बाबा, म्हणजे छापखान्याचे मालक. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि बोटांच्या पेरांतली शाई कायमची झाली होती. मला हात लावायच्या आधी ते साबणाने हात धुऊन आले. तरी लांबूनच बघत म्हणाले, "दिसायला देखणा आहे. कामाचं काय ते बघू."

कागदाची धूळ मला सोसत नाही म्हणून मधल्या खोलीच्या कोपऱ्यात माझ्यासाठी काचेची केबिन केली. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांचं टेबल, मधे छपाईचं यंत्र, मागे कागदाचे रीम. बिलबुकं, लेटरहेड, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळं आधी माझ्या पोटात जुळायचं आणि मग कागदावर उतरायचं. एका शाळेचे मुख्याध्यापक तर चष्मा वर करून म्हणाले होते, "यंदा अक्षर काय सुबक आलंय हो." बाबा नुसते हसले. मला मात्र दोन दिवस जमिनीवर पाय ठेवावासा वाटेना, पाय नसूनही.

बाबांना दोन मुलगे. थोरल्याला सगळे दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणतो. दुसऱ्याला मी आपला धाकटा म्हणतो. दादा अक्षरं जुळवायचा, धाकटा यंत्र चालवायचा. दादा तडकाफडकी माणूस. धाकटा असा, की यंत्राचा एक स्क्रू आवळायचा तर आधी तीन बाजूंनी बघणार. या धाकट्यानेच एक दिवस कुठून तरी तो खेळ आणला आणि माझ्यात बसवला.

खेळ वेढ्याचा होता. जुन्या काळचं एक नगर, भोवती दुहेरी तट, तटाबाहेर पाण्याने भरलेला खंदक, एका अंगाला नदी. एकाने नगर राखायचं, दुसऱ्याने बाहेरून वेढा घालायचा. दोघांनी पाळीपाळीने एकाच खुर्चीत बसायचं. एकाने आपली चाल खेळायची, उठायचं, मग दुसऱ्याने बसायचं. दादा कायम बाहेर आणि धाकटा कायम आत, हे कधी कोणी ठरवलं नाही, पण तसंच झालं.

दादाला दम नव्हता. दुसऱ्या दिवशी खंदक फांद्यांनी आणि मातीने भरायला घ्यायचा, तिसऱ्या दिवशी शिड्या लावायचा. चाकांचे उंच लाकडी मनोरे करायचा, त्यांना आग लागू नये म्हणून ओली कातडी पांघरायचा आणि ढकलत तटाला भिडवायचा. धाकटा आत शांतपणे धान्य मोजायचा. दादाने ओंडक्याच्या धडका देऊन तट फोडलाच, तर त्या भगदाडामागे याने आधीच दुसरी भिंत रचलेली असायची. दादाची माणसं दोन भिंतींच्या मधे सापडायची. केबिनबाहेर दादाचा कपाळावर हात मारल्याचा आवाज जायचा आणि यंत्राकडून बाबा विचारायचे, "छपाईच्या प्लेटा निघाल्या का? का अजून तटच पाडताय?"

ताकदीने जमेना तेव्हा दादा लबाडी शिकला. एकदा त्याने नगराच्या वेशीकडे बाराएक गाड्या पाठवल्या. धाकट्याला वाटलं, व्यापारी धान्य आणतायत. गाड्यांत तेल होतं. वेशीत शिरताच गाड्यांनी पेट घेतला आणि वेस जळून गेली. मग पुढच्या डावात त्याने तिन्ही बाजूंनी नगर आवळलं आणि पूर्वेचा रस्ता मात्र मोकळा ठेवला. धाकटा उपाशी माणसं घेऊन त्या रस्त्याने निघाला. टेकडीमागे दादाचे घोडेस्वार लपलेले होते.

"अडकलेला माणूस भिंतीला पाठ लावून मरेपर्यंत लढतो," दादा तेव्हा म्हणाला होता. "त्याला एक वाट दाखवायची. वाट दिसली की पाय उचलतोच. मग तो उघड्यावर आपला."

"ही फसवणूक झाली, दादा."

"वेढा असाच जिंकतात. लक्षात ठेव."

धाकट्याने लक्षात ठेवलं. त्याचं लक्षात राहायचं.

पुढे दादाचं लग्न झालं, वहिनी आल्या. त्या छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, मुद्रितं तपासायच्या आणि जाता येता माझ्यावरची धूळ पुसायच्या. मला शिवलेलं पांघरूण त्यांनीच दिलं. ती वर्षं माझी सुखाची. असाच एक डाव रंगात आला होता, दादाचे मनोरे तटाला भिडायला एक चाल उरली होती, आणि बाबा आजारी पडले.

हे पुढचं मी पाहिलेलं नाही. केबिनमधून मला मधली खोली दिसते, दवाखाना दिसत नाही. वहिनी फोनवर आपल्या बहिणीला सांगत होत्या तेव्हा ऐकलं. डॉक्टर म्हणाले होते, औषधं देऊन महिनाभर थांबून बघता येईल, नाहीतर लगेच शस्त्रक्रिया करता येईल, जोखीम दोन्हीकडे आहे. धाकटा म्हणाला, थांबू. दादा म्हणाला, थांबून काय होणार आहे? आणि कागदावर सही केली. बाबा परत आले नाहीत. तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्या नातेवाइकांसमोर, धाकटा एवढंच म्हणाला, "तुझी घाई तुला कधी नडली नाही. बाबांना नडली."

त्यानंतर त्या दोघांत एक शब्दही झाला नाही.

छापखाना तर चालवायचा होता. त्यांनी वेळा वाटून घेतल्या. सकाळी आठ ते दोन दादा, दुपारी तीन ते नऊ धाकटा. दोन ते तीन वहिनी एकट्या. दादा जाताना कामाची चिठ्ठी ठेवायचा: अमुक पाने, अमुक शाई, कागद मागच्या फळीवर. नाव नाही, 'तू' नाही, 'तुम्ही' नाही. धाकटा काम संपलं की त्याच चिठ्ठीवर बरोबरची खूण करायचा. एका छापखान्यात असे दोन भाऊ, आणि मधे वहिनी घड्या घालत बसलेल्या.

महिना गेला. एक दिवस पावणेदोनला दादाने तो अर्धा राहिलेला डाव उघडला. मला वाटलं, आता मनोरे भिडवणार. त्याने मनोरे मागे घेतले. शिड्यावाले मागे घेतले. तटापासून पार लांब तळ हलवला आणि उठून गेला. तीनला धाकटा आला, त्याला डाव उघडा दिसला. तो बराच वेळ पाहत बसला. मग त्याने एक पडका बुरूज दुरुस्त केला आणि आपली चाल संपवली.

तेव्हापासून रोज एक चाल दादाची, एक धाकट्याची. एका दिवसाचाही खंड नाही. तीन वर्षं, मित्रांनो. दादाने पुन्हा तटावर कधी चाल केली नाही. सही केलेल्या हाताला आता घाई करायचं भय वाटत असावं, असं मला वाटतं. या खेळाचा नियम असा होता, की वेढा उठवला तर डाव संपतो आणि नगर पडलं तरी डाव संपतो. डाव चालू राहायचा तर वेढाही राहायला हवा आणि आतल्यांच्या पोटात अन्नही जायला हवं. नदीतून धाकट्याच्या होड्या धान्य आणायच्या. दादाच्या छावणीतून त्या सरळ दिसायच्या. दादा त्यांना हात लावायचा नाही. मला सगळं समजत होतं. धाकट्याला वाटायचं, याचं नदीकडे लक्षच नाही.

मग खेळातल्या त्या मुलखात पाऊस पडला नाही. नदी आटली, होड्या गाळात रुतल्या. नगराच्या कोठारात वीस चालींपुरतं धान्य उरलं.

त्याच सुमारास धाकट्याला लांबच्या शहरातल्या मोठ्या छापखान्यातून बोलावणं आलं. दुपारी लवकर येऊन त्याने वहिनींना सांगितलं. वहिनींच्या हातातली घडी वाकडी पडली, ती त्यांनी पुन्हा उलगडली.

"भाऊजी, जायलाच हवं का?"

"इथे माझं आहे कोण, वहिनी? चिठ्ठ्याच वाचतो मी."

"ह्यांना सांगितलंत?"

"तुम्ही सांगालच की. त्याला वाटलं तर म्हणेल, जाऊ नकोस. त्याने एकदा म्हटलं तरी मी राहीन."

"मग मी सांगते त्यांना, तसं म्हणा म्हणून."

"नको. तुम्ही म्हणायला लावलेलं मला नको."

मित्रांनो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी वहिनींनी दादाला धाकटा जाणार असल्याचं सांगितलं, पण धाकट्याने नको म्हटल्यामुळे पुढचं सांगितलं नाही. दादा पडद्याकडे बघत राहिला. "त्याचं भलं होत असेल तर मी कोण अडवणार?" एवढंच बोलला. त्या दिवशीच्या चालीत त्याने पूर्वेच्या रस्त्यावरची आपली सगळी छावणी उठवली. टेकडीमागे एक स्वार ठेवला नाही. मी त्याची सगळी फौज मोजली होती, ती झाडून पश्चिमेला होती. पूर्वेची वाट खरीखुरी मोकळी होती. जा, धान्य आण, पोटभर खा आणि राहा आतच, असं त्याला म्हणायचं होतं. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने म्हणायला त्याची जीभ उचलत नव्हती.

तीनला धाकट्याने डाव पाहिला आणि खुर्चीत मागे रेलून बसला. आतून माणसाला टेकडीपलीकडचं दिसत नाही, हे लक्षात घ्या. वहिनी अजून निघायच्या होत्या. त्यांनी विचारलं, "आज काय झालं?"

"पूर्वेचा रस्ता मोकळा केलाय त्याने."

"मग बरंच झालं की. जा त्या रस्त्याने."

"वहिनी, वाट मोकळी दोनच कारणांसाठी ठेवतात. एक, उघड्यावर गाठून मारायला. नाहीतर, चालता हो म्हणायला." तो हसला, पण ते हसू काही हसण्यातलं नव्हतं. "कळलं ना त्याला, मी जाणार ते? दिलं उत्तर."

"अहो, असा अर्थ नसेल त्यांचा."

"त्यानेच शिकवलंय मला."

त्याने पूर्वेची वेस आतून दगडांनी बुजवून टाकली.

आठवडा गेला, पूर्वेच्या वाटेवर एक माणूस उतरला नाही. कोठार खाली खाली जात होतं. दादा रोज सकाळी आल्या आल्या धान्याचा आकडा बघायचा, अक्षरं जुळवायला नंतर घ्यायचा. शेवटी त्याने स्वतःच्या छावणीतलं धान्य बारा गाड्यांत भरलं आणि गाड्या पूर्वेच्या वेशीकडे लावून दिल्या. बारा गाड्या म्हटल्यावर धाकट्याला काय आठवणार, हे मला समोर दिसत होतं. दादाला कसं दिसलं नाही, कोण जाणे. ज्याने घाव घातला तो विसरतो, असंच असेल.

धाकट्याने तटावरून अग्निबाण सोडले. गाड्या वेशीपर्यंत पोचल्याच नाहीत. धान्य जळताना खेळात धूर कसा दिसतो आणि तेल जळताना कसा, हे त्याला बघता आलं असतं. फरक होता. पण तो तोवर चाल संपवून उठला होता आणि यंत्रावर प्रश्नपत्रिका चढवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने जळलेल्या गाड्या पाहिल्या. या खेळात समोरच्या खेळाडूला निरोप लिहायची एक चौकट आहे. इतक्या वर्षांत ती कोणी वापरली नव्हती. दादाने तिच्यात लिहिलं, 'धान्यच होतं.' थांबला. पुढे लिहिलं, 'जाऊ नकोस.' मित्रांनो, माझा पंखासुद्धा क्षणभर घरघरायचा थांबला असेल. हे चार शब्द तीन वाजेपर्यंत पडद्यावर राहिले असते तर बास होतं.

तेवढ्यात वहिनी आत आल्या. दादाने घाईघाईने सगळं पुसलं.

"काय लिहीत होतात?"

"काही नाही."

"अहो, तीनपर्यंत थांबा ना आज. समोरासमोर बोला. भाऊजी वाट बघतायत हो तुमच्या बोलण्याची."

"मी काही करायला गेलो की वाकडंच होतं," दादा म्हणाला. "एकदा केलं, बाबा गेले. काल केलं, तेही जळलं. आता माझ्या हातून काही न झालेलंच बरं."

दोनाच्या ठोक्याला तो उठला आणि गेला. पुसलेली अक्षरं माझ्यात असून नसल्यासारखी. मला ती पुन्हा पडद्यावर आणता आली नाहीत. मी आयुष्यात हजारो पानं दुसऱ्यांच्या सांगण्यावरून लिहिली, स्वतःहून मला एक काना काढता येत नाही.

कोठार रिकामं झालं त्या दिवशी धाकटा उभ्यानेच केबिनमध्ये आला. धान्य संपलेल्या नगराला एक शेवटची चाल मिळते. पूर्वेला मोकळा रस्ता होता, अगदी तेव्हाही. त्याने पश्चिमेची वेस उघडली, जिथे दादाची सगळी फौज होती, आणि उरलेली सगळी माणसं तिच्यावर घातली. तीन वर्षं जपलेलं नगर पाच मिनिटांत गेलं. पडद्यावर आलं: नगर पडले, वेढा यशस्वी. त्याने चिठ्ठीवर बरोबरची खूण केली, छापखान्याच्या किल्ल्या वहिनींच्या हातात दिल्या आणि त्यांच्या पाया पडला.

"उद्या सकाळची गाडी आहे, वहिनी."

"सकाळी हे असतात इथे. पाच मिनिटं येऊन जा."

"जिंकलाय तो. आता कशाला?"

दुसऱ्या दिवशी दादाने आपला विजय वाचला. वहिनी सांगतात, त्यानंतर तो घरी जाऊन दुपारी जेवला नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या दिवशी एकाही प्रश्नपत्रिकेची प्लेट निघाली नाही. जाण्यापूर्वी त्याने नवीन डाव मांडला. या वेळी तो स्वतः आत बसला आणि धाकट्याला बाहेर ठेवलं. चारही वेशी उघड्या टाकल्या, तटावर एक शिपाई ठेवला नाही. मग पडद्यावर आलं: आता दुसऱ्या खेळाडूची चाल.

वहिनींनी फोन करून धाकट्याला हे सांगितलं. फोन त्यांनी मुद्दाम केबिनमध्ये उभं राहून केला होता, म्हणून पलीकडचं मला ऐकू आलं. "जिंकून मन भरलं नाही का अजून त्याचं?" धाकटा म्हणाला. मग त्याने विचारलं, तो बरा आहे ना, आणि उत्तर यायच्या आत म्हणाला, "ठेवतो, यंत्र चालू आहे."

या गोष्टीला पाच वर्षं झाली. दादा रोज सकाळी तो डाव उघडतो, बघतो आणि बंद करतो. चाल दुसऱ्याची असताना पहिल्याला काहीच करता येत नाही.

मीही आता थकलो. गेल्या आठवड्यात एका शाळेचं अख्खं काम माझ्या पोटातच हरवलं. दादाने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने मला उघडलं, फुंकर मारली आणि मान हलवली. "याच्यात आता राम नाही. नवीन घ्या. हा मी घेऊन जातो, सुटे भाग होतील. आतलं काही जपून ठेवायचंय का? फोटो, पत्रं, काही?"

"एक खेळ आहे," दादा म्हणाला.

"खेळ?" दुरुस्तीवाला हसला. "अहो, असले खेळ आता फुकट मिळतात. ढीगभर."

"हो का?" दादा म्हणाला. "मग राहू दे."

उद्या तो मला न्यायला येणार आहे. आमच्यासारख्यांनी शेवटी म्हणायचं असतं, आम्हाला जपा, धुळीत टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला कोणी जपलं नाही असं नाही, वहिनींचं पांघरूण आजही माझ्या अंगावर आहे. तुमच्याकडे एवढंच मागतो, की कोणी आपलं माणूस जात असेल आणि त्याने राहावं असं वाटत असेल, तर उठून जा आणि त्याला तोंडाने सांगा. अडखळत सांगा, चुकीचं सांगा, पण सांगा. वाट मोकळी ठेवून, गाड्या पाठवून, वेशी उघड्या टाकून सांगायला जाऊ नका. मी आठ वर्षं ते सगळं डोळ्यांसमोर पाहिलं आहे, मित्रांनो. ते पोचत नाही.